सोडले की पडतात

दवाखान्यातले किस्से कुणी गोळा करत नाही, ते हळदीच्या धुळीसारखे आपोआप बसतात. आमचा दवाखाना हिंगोलीच्या मोंढ्याजवळ, म्हणजे हळदीच्या बाजाराला लागून. सीझनला वारा सुटला की टेबल, खुर्ची, स्टेथोस्कोप, सगळं पिवळं! दुपारी पेशंट कमी, पंखा कुरकुरत असतो, उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगत असते आणि मी अर्धा झोपेत. आमच्या नर्स सुमनताई तर येईल त्याला सांगतात, "डॉक्टर जागेपणी औषध देतात, निदान मात्र डुलकीत करतात!" बाईंच्या तोंडाला कोण लागणार?

या धुळीतले बरेच किस्से एकट्या किसनचे.

*

किसन पुसेगावचा. हिंगोलीत बॅटरीच्या दुकानात कामाला. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं कढईत वितळवायचं. पहिल्यांदा आला तो पोट धरून, वाकडा होत.

"अपेंडिक्स असेल," मी म्हणालो.

"ते तर मागंच काढलं की, साहेब!"

"मग बरं वाटलं?"

"व्हय, डाक्टरला लई बरं वाटलं. मला न्हाई."

*

पोट साफ होत नाही, रक्त कमी, तोंडात सारखी नाणं चघळल्यावानी चव. "आ कर," म्हटलं आणि सुमनताईंना हाक मारली, "जरा बॅटरी द्या हो!"

किसन दचकून उठून बसला. "कोन्त्या गाडीची, साहेब?"

हसू आवरून मी उजेड टाकला. हिरड्यांवर, दातांच्या अगदी लगत, निळसर काळी रेघ. माझी झोप उडाली. ही रेघ मी पुस्तकात पाहिली होती. पण आपल्याकडे काळं मंजन लावणारे काय कमी आहेत? मंजन बंद करायला सांगितलं. मंजन सुटलं, रेघ काही गेली नाही. मग रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं.

*

रिपोर्ट आला. "किसनराव, तुमच्या अंगात शिसं गेलंय," मी गंभीरपणे सांगितलं. किसन मान हलवून घरी गेला आणि लेकीच्या सगळ्या शिसपेन्सिली चुलीत घातल्या!

दुसऱ्या दिवशी लेक दारात उभी. डोळे रडून लाल. आज चित्रकलेचा पेपर! मी माझ्या टेबलावरची पेन्सिल तिला दिली. "अगं, पेन्सिलीत शिसं नसतंच मुळी. बाबांना सांग, कामावरचे कपडे घरात आणू नका, अंघोळ करूनच लेकराला जवळ घ्या."

"शिसं नसते, तर मंग नाव काहून ठेवलं?"



*

"धूर लागत नाही का रे तुला?" एकदा विचारलं.

"लागते ना. पर साहेब, वितळलेलं शिसं तुमी पाहिलं का कधी? दुधावानी हालते. वर साय धरते. साय सारली की आपलंच तोंड दिसते, चांदीचं. मी पाहतच राहतो."

पंखा कुरकुरत होता. मलाही क्षणभर ती कढई दिसली, त्यात माझं चांदीचं तोंड. किती सुंदर! तेवढ्यात सुमनताईंनी ट्रे आपटला. "डॉक्टर, तुम्ही पण बसता का तिथं कामाला?"

मग मी स्पष्टच सांगितलं. रिपोर्टनंतर मोठ्या दवाखान्यात सुरू केलेलं औषध चालू राहील, पण हे काम सोडल्याशिवाय काही खरं नाही.

"सोडून जाऊ कुठं? शेत दादाकडं हाय. आन् दादा माझ्यासंग बोलत न्हाई."

*

का बोलत नाही, तेही त्यानेच सांगितलं. दादा म्हणजे थोरले भाऊ, ग्यानबा. त्यांच्याकडे नवे सोयरे आले होते. घरच्या सगळ्यांनी हात जोडून राम राम केला, किसन मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिला. ग्यानबांनी चारचौघांत सुनावलं, "शहरात गेला आन् माज चढला का रे?" किसन जेवणाचं ताट सोडून निघून आला.

"अरे, मग का नाही जोडले?"

त्याने दोन्ही हात पुढे केले. मनगटं लुळी, पंजे खाली लोंबत होते. वर कर म्हटलं तर वर होईनात. हेही त्या शिशाचंच काम! इतक्यांदा आला, एकदाही नमस्कार केला नाही, आणि मी समजत होतो, माणूस जरा अकडू आहे.

"पाहुन्यांसमोर हात पडले असते, साहेब. लाज वाटली."

*

ग्यानबांना मीच निरोप धाडला. ते आले तेव्हा किसन बाकावर बसलेला. ग्यानबांची पांढरी टोपी, कपाळाला आठ्या, धाकट्याकडे बघायलाही तयार नाहीत. मी सगळं समजावलं. शिसं, नस, मनगट. किसनचे हात उचलून दाखवले आणि सोडले. पटकन खाली पडले.

 ग्यानबा पुढे झाले, किसनचे दोन्ही पंजे धरले, एकावर एक जुळवले आणि स्वतःच्या छातीपर्यंत उचलून घेतले.

"झाला राम राम," ते म्हणाले. "चल आता घरी. हळद वाळत घातली, राखनीला मानूस न्हाई."

खोलीभर पिवळी धूळ तरंगत होती. 

"दादा," किसन म्हणाला, "सोडू नको. सोडले की पडतात."