दोन बाटल्या

इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरायला आलेल्या माणसाने झाकण काढलं आणि त्या आंबट वासासरशी मला माझी लघवी आठवली. सोलापूरबाहेर जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचा एक कारखाना होता; माझा मेहुणा मंद्रूपहून येऊन तिथं भट्टीवर राबायचा, मी ऑफिसात बिलं लिहायचो. एकदा सगळ्यांची लघवी तपासायचं ठरलं. ज्याच्यात शिसं जास्त निघेल, त्याला घरी बसवणार होते. मेहुणा बाटली घेऊन आला. "दाजी, माजी बी तुमीच भरा की. पंख्याखाली बसणाऱ्यात काय निघतंय?" मलाही पटलं. टेबलावर बसलेली भट्टीची करडी धूळ फुंकायची आणि तिथंच डबा खायचा, एवढाच माझा शिशाशी संबंध. दोन्ही बाटल्या भरून मी ऐटीत म्हणालो, "घे, एक नंबर माल!" डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दाखवले. दोन्हींत शिसं भरपूर, दोघंही घरी. "दाजी, माल लई शुद्ध निघाला की," मेहुणा म्हणाला आणि आम्ही हसलो. डॉक्टर हसले नाहीत. "घरात लहान मूल आहे?" होतं. दोन वर्षांची मुलगी, मी कारखान्यातून आलो की माझ्या त्याच धुळीच्या शर्टाची कॉलर चोखत खांद्यावर झोपायची. तिच्यातही शिसं निघालं. लहान मुलांच्या मेंदूला ते फार लवकर इजा करतं, असं डॉक्टर म्हणाले. आता ती मोठी झालीय. मघाशी तिला फडकं आणायला आत पाठवलं, तर काय आणायचं ते विसरून दारातच उभी राहिली. बॅटरीवाला हसला. "बापावर गेलीय," मी म्हणालो.