बाहेरचा जिना

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. आम्ही पाहिलं. पण घरात म्हातारं माणूस असेल तर आधी जिना पाहावा, हे कुठल्याच म्हणीत नाही.

देहूच्या अलीकडे आमचा एक गुंठा होता. आईचा संसार पिंपरीतल्या भाड्याच्या खोलीत गेला, म्हणून नकाशा काढताना मी तिला कौतुकानं विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"दाराम्होरं बसाया दोन हात जागा. बाकी तुमी बघा."

मला हसू आलं. एवढंच? म्हटलं, "मिळालीच असं समज."

आमच्या भागात बांधायची रीत ठरलेली: खाली भाडेकरू, वर मालक. चाकणच्या कंपन्यांत कामाला येणाऱ्यांना खोल्या लागतात आणि तळमजल्याच्या खोल्या पटकन जातात. पायाच्या खड्ड्याशी उभं राहून ठेकेदार म्हणाला, "जिना बाहेरून घेऊ राव. आतून घेतला तर खालची एक खोली जाती." आळीतल्या सगळ्यांचे जिने बाहेरूनच होते. मी हो म्हटलं आणि शिफ्टला पळालो. पुढं फरशीच्या रंगापायी आम्ही नवराबायकोनं अख्खे रविवार घालवले, बेसिनवरून अबोला धरला. जिना मात्र हातातला चहा संपायच्या आत ठरला. जागा तोकडी, म्हणून पायऱ्या उंच आल्या. शिडीच म्हणा ना.

वास्तुशांतीला आई एकेका पायरीवर दम घेत वर आली. "गुडघं धरल्यात जरा. व्हईल सवय." सवय झाली, पण वरच राहायची. दवाखान्यात न्यायचं तर मी आणि खालचा भाडेकरू तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवायचो. आळी बघत असायची आणि आई लाजेनं पदर तोंडावर ओढून घ्यायची. ते आठवलं की मला अजून माझाच राग येतो.

दारापुढची दोन हात जागा आम्ही केली होती, बरं का. पण खाली. तिथं त्या भाडेकरूची आई बसायची, परभणीकडची. लसूण सोलता सोलता येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायची. माझी आई गॅलरीच्या कठड्यावर हनुवटी टेकून तिच्याशी बोलायची.

"काय केलंय आज?"

"नुसतं वरण हाय. या की माय खाली!"

"यीन की उद्या."

हा उद्या रोज चालायचा. मग आईनं पिशवीला दोरी बांधली. वरून शेवग्याच्या शेंगा जायच्या, खालून ठेचा यायचा. दोघींचा आवाज हायवेपर्यंत जातो, असं बायको म्हणायची. मला बरं वाटायचं. तेवढ्यावर मी निर्धास्त राहिलो, हेच चुकलं.

पुढं आईला खुर्चीतून उतरवणंही जमेना, तेव्हा मला जाग आली. ठरवलं, आता आईला खालीच ठेवायचं. पुढची खोली त्या भाडेकरूकडे होती. त्याला दुसरीकडे बघायला सांगितलं. भला माणूस, कुरकुर न करता त्यानं पुनावळ्यात खोली शोधली. आईला हे कळलं तेव्हा ती पिशवीत शेंगा भरायला लागली. मला वाटलं, खूश झाली असेल.

टेम्पो भरला तेव्हा त्या म्हातारीनं वर बघून हात जोडले. आईनं दोरीनं पिशवी खाली सोडली. त्या दिवशी म्हातारीनं पिशवीतलं काढून घेतलं आणि पिशवी रिकामीच वर गेली.

मी खोली रंगवून घेतली, कॉट टाकली, आईला कसंबसं खाली आणून दारापुढं गादीवर टेकवलं. नकाशा काढताना तिनं मागितलेली ती जागा. मी समोर उभा राहिलो, शाबासकी मिळेल म्हणून. तिनं फरशीवरून हात फिरवला. येणारेजाणारे गाड्यांवरून भुर्रकन निघून जात होते. तिनं एकदा वर गॅलरीकडे पाहिलं.

"जागा ब्येस हाय," ती म्हणाली, "पण तिला कशापायी घालवलीस रं?"