जीपचं दार

पोलीस ठाण्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे तिथले एक जमादार मला रोज दिसायचे. साहेब निघाले की धावत येऊन जीपचं पुढचं दार उघडायचं, टाचा जुळवून उभं राहायचं आणि साहेब बसले की दार हलकेच लावायचं. मिशा पिकल्या तरी यात कधी चूक झाली नाही.

निवृत्तीच्या तोंडावर ते फौजदार झाले आणि ठाणं त्यांच्याच हाती आलं. पहिल्याच दिवशी जीप लागली, तर यांनी सवयीनं दार उघडलं आणि ताठ उभे राहिले. कुणीच बसेना.

शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, आता तुमीच साहेब. बसा की!"

अख्खं ठाणं हसलं. ते ओशाळून मला म्हणाले, "दार उघडण्यातच जिंदगी गेली हो. बसायला लय अवघड जायलंय."

परवा पोखर्णीकडची एक म्हातारी आली. पोरानं तिला घराबाहेर काढलं होतं. तिला घेऊन गावात जायचं ठरलं, तशी ती मुकाट्यानं जीपच्या मागं जाऊन उभी राहिली. फौजदारांनी तिला बोलावलं, पुढचं दार उघडलं आणि टाचा जुळवल्या. ती बसल्यावर बाहेर राहिलेला तिचा पदर आत सरकवून दार हलकेच लावलं आणि स्वतः मागं चढले.

या वेळी ड्रायव्हरनं जीप अगदी हळू काढली.