पोथीत नसलेला शब्द

मंडळींनो, आपल्या वर्गात सगळे पाळीपाळीनं लिहितात ती ही फिरती वही आज माझ्याकडे आहे.

रशियनच्या वर्गात मी पाइनच्या सुईसारख्या पानांचा शब्द शिकवतो, ख्वोया. त्याचं प्राचीन स्लाव्ह रूप जुन्या पोथीत सापडतं, असंही सांगत आलो. आज दुपारी शब्दांच्या उगमाचं पुस्तक पुन्हा उघडलं, तर त्या रूपाआधी चांदणीची खूण होती. म्हणजे ते कुठेच लिहिलेलं सापडलेलं नाही. लिथुआनियनसारख्या नात्यातल्या भाषा ताडून अभ्यासकांनी ते अंदाजानं उभं केलंय.

आपल्या वर्गातली शिरोळची इंदुमती उद्या पुण्यात शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत नेमकं ते पोथीतलं रूप सांगणार होती. धावत स्टँड गाठलं. पुण्याची गाडी सुटायच्या बेतात होती.

पायरीवर चढून मी तिला म्हणालो, "ख्वोयाचं जुनं रूप कुठल्या पोथीत नाहीच. ते अंदाजानं बांधलेलं आहे, तसंच सांग."

तिचा चेहरा उतरला. "सर, मी तर तेच पाठ केलंय की. मग एवढ्या खात्रीनं का सांगितलंसा?"

मागून कंडक्टर म्हणाला, "पावणं, चढायचं तर चढा की, दार अडवू नका."

मी खाली उतरलो.

इंदुमती सापडली. पण तीन वर्षं मी हेच शिकवतोय. आधीच्या मुलांना कुठल्या गाडीत शोधू?

तुम्हीही त्याच वर्गात बसता. माझ्या तोंडचं आणखी काय काय तुम्ही खरं मानलंय, ते या वहीत लिहाल? वाचायची भीती वाटते, तरी लिहा.