लिलीचा लसूण

रविवारी सकाळी आमच्या बजाजनगरच्या गच्चीवर पहिली लिली उमलली. केशरी, तळहाताएवढी... फोटो काढायचं सोडून मी आधी जिना उतरून आत्याला बोलवायला पळाले. मला तिच्यापुढे एक खोटं कबूल करायचं होतं, सव्वादोन वर्षं जुनं.

तेव्हा ऑक्टोबर होता. थंड हवेच्या ठिकाणच्या एका नर्सरीतून मी लिलीचे तीन कांदे मागवले होते. आपल्याकडचं ऑक्टोबरचं ऊन त्यांना सोसणार नाही, म्हणून थंडी पडेपर्यंत ते फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेमध्ये ठेवले. कागदी पिशवीवर मार्करने ठळक लिहिलं, ‘कांदे. हात लावू नये.’ मी कंपनीत क्वालिटीला आहे. लेबल लावल्याशिवाय मला चैन पडत नाही...

संध्याकाळी शिफ्ट संपवून आले, तर आत्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेली. पुढ्यात ताटली आणि ताटलीत माझे तिन्ही कांदे, पाकळी न् पाकळी सुटी केलेले.

“लई सोपा लसूण आणलास गं, साल नाय का काय नाय,” ती खुशीत म्हणाली. “आन् लसणाच्या पिशवीवर कांदे लिहितीस व्हय? एवढं शिकवलं ते गेलं कुठं?”

मी पिशवी पाहिली. ‘कांदे’वर एक सरळ रेघ आणि त्याच्या वर थरथरत्या अक्षरात ‘लसूण’.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, म्हणून तिसरीपर्यंतचं सगळं मी लासूर स्टेशनच्या घरी तिच्याजवळच शिकले. तिने मला खोडरबर कधी दिलंच नाही. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे आणि वर बरोबर शब्द लिहायचा. गंमत म्हणजे कंपनीतल्या रजिस्टरलाही हाच नियम निघाला!

पण आता ती आमच्याकडे असते आणि तिची नजर गेल्यात जमा आहे; मार्करची ठळक अक्षरं तेवढी डोळ्याजवळ धरून वाचते. त्या ऑक्टोबरच्या महिनाभर आधी तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. कोणी एक शब्द बोललं नाही, तरी त्या दिवसापासून ती गॅसजवळ फिरकली नाही. नुसतं हाताने चाचपून होईल असं एकच काम उरलं होतं... लसूण सोलणं.

खरं सांगितलं असतं तर तेही सुटलं असतं. म्हणून मी म्हणाले, “हो आत्या, लेबल चुकलं माझं.” ताटली उचलली आणि फोडणीला डब्यातला लसूण घेतला. पण तीन कांदे गेले त्याहून जास्त, ज्या बाईने खरं लिहायला शिकवलं तिच्याशीच खोटं बोलले, हे टोचत होतं.

त्या सुट्या पाकळ्या फेकवेनात, म्हणून फोनवर शोधत बसले. आणि वाचलं ते चार वेळा वाचलं... लिलीच्या कांद्याचे खवले असेच सुटे करून त्यांपासून नवीन रोपं करतात म्हणे! मनात ठरवलं, यातल्या एकाला जरी फूल आलं, तरी त्या फुलापुढे उभी राहून आत्याला सगळं सांगायचं.

एकेचाळीस खवले निघाले. नारळाच्या ओलसर भुशात, कोकोपीटमध्ये, घालून पिशवी गव्हाच्या कोठीमागे अंधारात ठेवली. दर दोन दिवसांनी उघडून पाहायचे. वाढतायत की सडतायत... दीड महिन्याने खवल्यांच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे कांदे दिसले आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले.

मग पुन्हा फ्रीज. या वेळी डब्यात घालून, वर दोरी बांधून! थंडी सरता सरता कुंड्यांत लावले, तर प्रत्येकाला जेमतेम एक पान. उन्हाळ्यात कुंड्या कूलरमागच्या सावलीत हलवल्या, पण काळजीपोटी पाणी जास्त घातलं आणि निम्मे सडले. दुसऱ्या वर्षी वीतभर वाढले, फूल नाही. “एका खोट्याला अजून किती कुंड्या लागणार आहेत?” आई विचारायची. तिला एकटीला सगळं माहीत होतं.

या थंडीत नऊ उरले. नऊ कुंड्या, तळाला विटांचे तुकडे, कांदा चार बोटं खोल. जानेवारीत एकाला कळी दिसली, आणि मी रोज देवाच्या आधी तिचं दर्शन घ्यायला लागले.

तर रविवारी आत्या कठडा धरत वर आली. मी तिचा हात फुलावर ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं. तो लसूण नव्हता, लिली होती, मी खोटं बोलले...

तिने एकेक पाकळी चाचपून पाहिली.

“म्हणजे हे मी सोललेलं हाय?”

“हो.”

“कुंड्या किती झाल्या?”

“नऊ.”

“आन् तू आणले होते किती? तीन!” आत्या एवढ्या जोरात हसली की शेजारच्या गच्चीवरच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या. “मी हात लावला म्हणून वाढले. नाय तर बसली असतीस तीन घेऊन!”

मग म्हणाली, पिशवी आण. मी ती जपून ठेवली असणार, हे तिला न सांगता ठाऊक होतं. मार्कर घेऊन तिने ‘लसूण’वर एक रेघ मारली आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘लिली’. खालचे दोन्ही शब्द अजून स्वच्छ वाचता येतात.

जिना उतरता उतरता मागे वळून म्हणाली, “माझी रेघ झाली. तू खोटं बोललीस, त्याच्यावर कोण मारणार?”

ही पोस्ट म्हणजे तीच रेघ, आत्या. आणि पुढच्या ऑक्टोबरात दोन कांदे तुझ्या ताटलीत ठेवणार आहे... सोलायला.