पडणाऱ्याला आठ फॅट

फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या घरी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. माझ्या बालमित्राचा, सुदामचा मुलगा मिलिंद बोलत होता. "काका, जय भीम. दादा गेले. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले, अन्..." मी नुसतं "निघतो" म्हणालो. येरमाळ्याकडची एसटी मिळाली, खिडकीही मिळाली, आणि सबंध वाटेत माझ्या डोक्यात काय घोळत राहावं, तर लाथाड्या खरा की वेणीवाला खरा, हा पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा वाद. जवळचा माणूस गेला की मन कुठल्या कोपऱ्यात जाऊन बसेल त्याचा नेम नाही. मला त्या दिवशी रडू आलं नाही, आणि त्याची लाज वाटत राहिली.

लाथाड्या आणि वेणीवाला हे परदेशी मारामारीच्या सिनेमांतले नट. येरमाळ्याच्या जत्रेत तंबू टॉकीज यायची, तिच्या पोस्टरवरची नावं आमच्यापैकी कुणाला वाचता येत नव्हती आणि भोंग्यावरून ओरडणारा गडी सगळ्यांनाच 'चायना फायटर' म्हणायचा. मग गावानं आपल्या सोयीनं बारसं उरकलं. पाठीवर लांब वेणी सोडलेला तो वेणीवाला. हातांचा वापर फारसा न करणारा तो लाथाड्या. पहिल्या रिळातच अंगातलं काढून ठेवायचा, थंडी असो वा पाऊस, तो उघड्या. यांच्यात खरोखरची लागली तर कोण जिंकेल, यावर आमच्या गावात जितकी डोकी तापली तितकी सरपंचाच्या निवडणुकीतही तापली नसतील.

हा वाद चालायचा दूध सोसायटीच्या दारात. बहात्तरच्या दुष्काळानं जनावरं नेली होती. ती हळूहळू पुन्हा दावणीला आली आणि पाच-सहा वर्षांनी गावात सोसायटी निघाली. सुदाम मॅट्रिक झालेला, जिल्ह्याला जाऊन दूध तपासायचं शिकून आलेला, म्हणून फॅट काढायचं, म्हणजे दुधात लोणी किती ते मोजायचं काम त्याच्याकडे आलं. बौद्ध वस्तीतला पोरगा आपल्या दुधाला हात लावणार म्हणून दोन-चार घरांनी पहिले काही दिवस नाकं मुरडली. पण सुदाम कुणाच्या दुधाला कमी लावत नाही आणि चेअरमनच्या दुधालाही जास्त लावत नाही, हे ध्यानात आल्यावर तीच घरं आपली किटली त्याच्याच हातात द्यायला धडपडू लागली. काचेच्या नळीत ॲसिड, त्यावर दूध, मग ते हातानं फिरवायचं यंत्र... नळी डोळ्यांसमोर धरून तो आकडा सांगायचा आणि मागच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहायचा. त्या आकड्यावर कुणी दुसरा शब्द काढत नसे.

जत्रेनंतरच्या एका सकाळी रांगेत भांडण पेटलं. आमच्या तालमीचे जुने पैलवान बाबू अण्णा, कान मोडून मोडून भजी झालेले, सगळ्या परदेशी नटांना एका वाक्यात निकालात काढायचे. "त्या वेणीवाल्याला मातीत आणा. पट काढला का खलास. लाथ मारायला पाय वर उचलला, तिथंच त्यो गेला की." यावर दुसरा कुणीतरी तडकला, आणि रांग मोडायची वेळ आली तेव्हा अण्णाच म्हणाले, "ए सुदाम, तूच फॅट लाव रं ह्यास्नी. कुणात किती पाणी हाय ते कळू दे."

सुदामनं हातातली नळी ठेवली, खडू उचलला आणि गंभीर चेहऱ्यानं फळ्याच्या कडेला लिहिलं : वेणीवाला सहा. लाथाड्या साडेचार. उघड्या तीन. उघड्याचे चाहते खवळले. "तीन? त्याचे दंड बघितले का?" सुदाम म्हणाला, "दंड हायती. पर एक बुक्की मारली का चित्र तुटतंय, दुसरी मारली का तुटतंय. सलग मारताना दावतच न्हाईत त्याला. पाणी हाय." त्या दिवसापासून गावात प्रथाच पडली. नवा सिनेमा आला की सुदामनं फॅट लावल्याशिवाय तो पाहिल्यासारखं वाटत नसे.

आकडे तो उगाच ठोकत नव्हता. जत्रेत एकच सिनेमा तीन-तीनदा पाहायचा. मी तेव्हा नवा मास्तर झालेलो, त्याच्याबरोबर जायचो. एकदा मी विचारलं, "तू एवढं बघतोस तरी काय?" तर म्हणाला, "म्या मारणाऱ्याकडं बघतच न्हाय. खाणाऱ्याकडं बघतो." मग त्यानं मला एक माणूस दाखवला. भुवईवर व्रण असलेला, किडकिडीत. वेणीवाल्याची लाथ खाऊन तो माडीवरून पालथा पडतो आणि मरतो. पुढच्या सिनेमात उघड्याच्या बुक्कीनं मरतो. त्याच्या पुढच्यात लाथाड्या त्याला कौलांतून खाली पाडतो. "तीन फिल्लममधी मेला बग," सुदाम म्हणाला, "अन् तिन्ही बारीला परत उठून कामावर आला. पालथं पडायचं म्हंजी जिगर लागती. त्यो पडतो म्हणून ह्यो हिरो दिसतो." दुसऱ्या दिवशी फळ्यावर सगळ्यांच्या वर नवी ओळ आली : पडणारा, आठ. रांग खो खो हसली. आठ म्हणजे गावातल्या सगळ्यात चांगल्या म्हशीलाही कधीतरीच लागायची.

हसणाऱ्यांपैकी कुणीतरी तेव्हा म्हणालं, "ह्या सगळ्यांत आपला सुदामच भारी. चौघांना लोळवलं हिरीवर." सुदाम नेहमीप्रमाणे म्हणाला, "म्या कुणाला हात लावला न्हाय." आणि लोकांनी नेहमीप्रमाणे त्याचा मोठेपणा मानला. मीही मान डोलावली... मी मान डोलावली हे लिहायलाच हा लेख लिहितोय.

विहिरीची गोष्ट दुष्काळातली. गावातले आड आटले होते आणि टँकर येऊन रिकामा व्हायचा तो आमच्या भावकीच्या विहिरीत. रीत अशी, की आधी गावानं भरायचं आणि वस्तीतल्या बायकांनी शेवटी. त्यांची पाळी येईस्तोवर पोहऱ्यात गाळ यायचा. मी सतरा वर्षांचा होतो, सुदाम एकोणीसचा. त्या दिवशी टँकर ओतून गेला आणि सुदामनं पुढं होऊन पोहऱ्याचा दोर हातात घेतला. त्याच्यामागं त्याची आई आणि वस्तीतल्या तीन बायका, चार घागरी. माझे चार चुलतभाऊ काठ्या घेऊन धावले. सुदामनं दोर सोडला नाही. पाठीवर काठ्या बसत होत्या आणि तो ओढत होता, ओतत होता, पुन्हा सोडत होता. एकदाही मागं वळला नाही. चौथी घागर काठोकाठ भरली तेव्हा त्यानं दोर ठेवला आणि मग तो खाली बसला.

मी दहा हातांवर उभा होतो. कडेवर माझी कळशी होती. भरलेली.

महिन्याभरानं मी बार्शीला बोर्डिंगात गेलो. तिथल्या पोरांनी गावाकडचं काही सांग म्हटलं आणि मी सांगितलं, की माझ्या मित्रानं एकट्यानं चौघांना लोळवलं. का सांगितलं? तेव्हा वाटलं, मित्राला मोठं करतोय. गोष्ट माझ्याआधी गावात पोचली. भाऊ तिच्यावर गप्प राहिले, कारण दोन्ही हात दोराला गुंतलेल्या माणसाला आपण झोडपलं, हे त्यांना सांगायचं नव्हतं. आणि त्या दिवसानंतर वस्तीतल्या बायकांना विहिरीवर कुणी अडवलं नाही, त्यामुळं गोष्ट खरी वाटायलाही काही अडचण आली नाही. फक्त सुदामची आई कुणी विषय काढला की म्हणायची, "लोळवलं-बिळवलं काय ठावं न्हाय बाबा. घागर भरली व्हती."

पुढं गणपतीत भाड्यानं व्हिडिओ आणायचे दिवस आले. सोसायटीच्या खोलीत एका दुपारी आम्ही दोघं एक जुना सिनेमा पाहत होतो. भुवईवर व्रण असलेला तो माणूस पुन्हा पडला आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "सुदाम, त्या दिवशी विहिरीवर..." तो पडद्याकडेच बघत होता. "व्हतास की तू. बघितलं म्या. तुझी कळशी भरल्याली व्हती." मग म्हणाला, "पर चौघांना लोळवलं कशाला सांगितलंस? म्या मार खाल्ला. आईची घागर भरली. तेवढंच सांगायचं व्हतं." मी म्हणालो, "चुकलं माझं. सांगीन खरं काय ते." "सांग की," तो म्हणाला, "घाई न्हाय." आणि आम्ही उरलेला सिनेमा पाहिला. त्यानं हा विषय पुन्हा कधीच काढला नाही. मीही काढला नाही. दर दिवाळीला भेटत होतो, चहा पीत होतो, वेणीवाल्याची टिंगल करत होतो, आणि सांगायचं ते उद्यावर टाकत होतो. याला मी भिडस्तपणा म्हणत आलो. खरं तर ते भित्रेपण होतं.

काही दिवसांनी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्तीपुढचा मंडप भरला होता. दोन-तीन जण बोलले आणि प्रत्येकानं विहिरीवर लोळवलेले चौघे उभे केले. एका वक्त्यानं तर चौघांचे सहा केले. मग मिलिंद माइकवर आला आणि म्हणाला, "काका त्या दिवशी तिथं होते. त्यांनी सांगावं." मी उठलो. समोर सुदामची नातवंडं पहिल्या रांगेत बसली होती. मागं माझ्या चुलतभावांपैकी एक, आता ऐंशीच्या घरात, काठी टेकून उभा होता. मी म्हणालो, "सुदाम फार मोठा माणूस होता." आणि खाली बसलो. टाळ्या पडल्या. आयुष्यात एवढ्या वाईट टाळ्या मी ऐकल्या नाहीत.

लोक पांगल्यावर मी मिलिंदला म्हणालो, सोसायटीची जुनी खोली बघू या. सोसायटी केव्हाच बंद पडली, पण किल्ली सुदामकडेच असायची आणि तो महिन्यातून एकदा जाऊन झाडून यायचा. आत काही उरलं नव्हतं. खुंटीवर त्याचा टॉवेल होता आणि भिंतीवर तो काळा फळा. दुधाचे आकडे पुसलेले. कडेला मात्र चार ओळी पांढऱ्या ऑइल पेंटनं पक्क्या केलेल्या होत्या. खडू पुसला जातो म्हणून शेवटी-शेवटी त्यानं ब्रशनं गिरवल्या होत्या, मिलिंद म्हणाला. उघड्या तीन, लाथाड्या साडेचार, वेणीवाला सहा. आणि सगळ्यांच्या वर : पडणारा, आठ.

त्या फळ्यापुढं मी मिलिंदला सगळं सांगितलं. दोर, काठ्या, चार घागरी. माझी कळशीही सांगितली. तो माझ्याकडे न बघता ऐकत होता. मला वाटलं, आता हा मला बाहेर जायला सांगेल आणि त्याचं बरोबरच असेल.

"मला ठावं होतं, काका," तो म्हणाला. "आजीनं सांगितलं होतं. दादांना इचारलं, तर ते म्हणले, मास्तरला इचार, त्यो व्हता तिथं. त्यो सांगंल बरोबर." आणि पुढं म्हणाला, "म्हणून तर तुम्हाला माइक दिला."

तेव्हा मला रडू आलं. इतके दिवस अडलेलं, आणि तेही त्याच्या मुलासमोर. मिलिंदनं खुंटीवरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. मंडपात जे सांगायला हवं होतं ते आता इथं, सगळ्यांदेखत सांगतो. सुदामनं त्या दिवशी कुणालाही लोळवलं नाही. त्यानं मार खाल्ला, दोर सोडला नाही, आणि त्याच्या आईची घागर भरली.