नव्या फर्निचरचा वास
माझ्यासारख्याने आठवण लिहावी का, हे मला कळत नाही. चुकलं तर माफ करा. परवा कॉलेजात प्लायवूडची नवी टेबलं आली आणि त्या वासाने मला लोहारा गावातलं ते ऑफिस आठवलं. तिथे मावसभावाने आणि मी एकाच दिवशी मुलाखत दिली होती; निवड त्याची झाली. महिन्याभराने भेटायला गेलो, तर तो फिरत्या खुर्चीत बसलेला. मला ते बघवेना. बंद काचा, गार एसी, ताज्या रंगाचा आणि नवं फर्निचर चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास. गावी फवारणीचा वास आला की आम्ही नाकाला दुपट्टा बांधतो. हा वास मात्र मी छाती भरून घेतला, कारण तो मला नोकरीचा वाटला. भाऊ डोळे पुसत म्हणाला, "दिवसभर चुरचुरून राह्यले बा. खिडकी उघडू देत नाहीत." मी म्हणालो, "तुले सुख दुखून राह्यलं." तो नुसता खोकला. काल मावशीचा फोन आला: भावाला दम लागतो म्हणून डॉक्टरांनी त्या खोलीत बसायला मनाई केली, त्याने नोकरी सोडली. मी आधी विचारलं, त्याची जागा भरली का. मावशी म्हणाली, "साहेब तुलेच बलावत होते. यानंच सांगतलं, माह्या भावाले इथं बसवू नका."